'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवट: लोक नेमके कशावर चिडले होते? एक प्रकरण अभ्यास

पुढे सगळे स्पॉइलरच स्पॉइलर आहेत. एचबीओ या अमेरिकन वाहिनीची ही सिरीज, सिंहासनासाठी भांडणाऱ्या घराण्यांची काल्पनिक गोष्ट, २०१९ लाच संपलीये, तरी कोणी अजून बघायची बाकी ठेवली असेल तर इथूनच मागे फिरा, नंतर शिव्या घालू नका.

तर प्रकरण असं. १४ एप्रिल २०१९ ला आठवा सीझन सुरू झाला आणि १९ मे ला संपला, सहा रविवार, सहा एपिसोड. शेवटचा एपिसोड त्या एका रात्रीत एचबीओचे सगळे प्लॅटफॉर्म धरून १ कोटी ९३ लाख लोकांनी बघितला. आणि तो लागायच्या आधीच दहा लाखांवर लोकांनी "लायक लेखक घेऊन हा सीझन परत बनवा" अशा पिटिशनवर सही ठोकली होती, पुढे तो आकडा १८ लाखांच्याही पलीकडे गेला. आयएमडीबी या प्रेक्षक मार्क देतात त्या साइटवर या एपिसोडला दहापैकी चारच्या आसपास मार्क आहेत, आणि हीच ती सिरीज जिच्या तिसऱ्या सीझनमधल्या रेड वेडिंगच्या, म्हणजे लग्नातल्या कत्तलीच्या, एपिसोडला तिथेच ९.९ आहेत. आता रागाच्या भरात एक स्टार देऊन पळणारेही असतात, त्यामुळे चार हा काही दर्जाचा आकडा म्हणता येणार नाही, पण राग किती होता ते त्यातून बरोबर कळतं.

या रागाचं एक रेडीमेड स्पष्टीकरण तेव्हापासून फिरतंय, की फॅन लोकांना गोड शेवट पाहिजे होता, जॉन (स्टार्क घराण्यात अनौरस म्हणून वाढलेला, पण गुपचूप जुन्या टार्गेरियन राजघराण्यातला) आणि डॅनी (त्याच राजघराण्यातली, ड्रॅगन पाळणारी डेनेरिस) यांचं लग्न लावून दोघांना सिंहासनावर बसवायचं होतं, ते झालं नाही म्हणून ही रडारड. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते सांगायलाच हा सगळा उद्योग. काय झालं यावर लोक तितके चिडले नव्हते. ते कशामुळे झालं हे दाखवायचंच राहिलं यावर चिडले, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण मागायची सवय त्यांना याच सिरीजनं लावली होती.

सवय कशी लागली

गोड शेवटाची अपेक्षा असलेले लोक पहिल्या सीझनच्या नवव्या एपिसोडलाच टीव्ही बंद करून गेले असते. नेड स्टार्क, उत्तरेतल्या विंटरफेलचा सरदार, पोस्टरवर ज्याचं तोंड, त्याचंच मुंडकं उडवलं. पण ते बघून सुन्न झालेला माणूस दोन दिवसांनी मागे जाऊन बघतो तर सगळं तिथेच पडलेलं असतं: नेड आधी राणी सर्सीलाच जाऊन सांगतो की मला तुझं गुपित कळलंय, पोरांना घेऊन पळ. मग राजाचा भाऊ रेन्लीची मदत नाकारतो, मग लिटलफिंगर या कारस्थानी दरबाऱ्यावर विश्वास ठेवतो. एकेक पायरी तो स्वतःच्या पायांनी उतरलेला असतो आणि प्रत्येक पायरी त्याच्या स्वभावाला धरून असते.

रेड वेडिंगचंही तेच. नेडचा मुलगा रॉबनं पूल ओलांडायला मिळावा म्हणून फ्रे घराण्यात लग्नाचा शब्द दिला, तो मोडला, मग कारस्टार्क या स्वतःच्याच सरदाराचं मुंडकं उडवून स्वतःचंच सैन्य कमी करून घेतलं, आणि ते भरून काढायला परत त्याच फ्रेच्या दारात गेला. लोक ढसाढसा रडले, रिमोट फेकले, पण "हे कसं काय झालं" असं कोणी विचारलं नाही कारण कसं झालं ते दोन सीझन डोळ्यासमोर चाललेलं होतं.

अंतरांचंसुद्धा तसंच होतं. पहिल्या एपिसोडमध्ये राजाचा लवाजमा विंटरफेलला पोचतो तेव्हा सर्सी वैतागून म्हणते की महिनाभर प्रवास करतोय. तेवढ्या एका वाक्यानं वेस्टेरॉस, म्हणजे गोष्टीतला तो खंड, केवढं मोठं आहे ते डोक्यात बसलं. मग लोकांनी नकाशे काढले, कोण कुठून निघाला आणि कधी पोचेल याचे हिशोब केले, जॉनची आई कोण यावर वर्षानुवर्षं डोकी फोडली. मूळ पुस्तकं लिहिणाऱ्या मार्टिननी म्हणे सिरीज बनवणाऱ्या बेनिऑफ आणि वाईस या जोडीला हक्क देताना हाच प्रश्न टाकला होता, जॉनची आई कोण, आणि त्यांनी बरोबर ओळखलं. म्हणजे सिरीजचा जन्मच बारीक वाचणाऱ्याला बक्षीस देण्यातून झालेला. असा प्रेक्षक आठ वर्षं तयार करायचा आणि शेवटच्या सहा आठवड्यांत त्याला सांगायचं की फार विचार करू नकोस, नुसतं बघ. तिथेच माशी शिंकली.

खरं म्हणजे भेगा सातव्या सीझनमध्येच पडायला लागल्या होत्या. भिंतीपलीकडचा तो एपिसोड आठवा, जॉन आणि कंपनी गोठलेल्या तळ्यावर अडकलेत, सोबतचा गेंड्री पळत किल्ल्यावर जातो, तिथून निरोप घेऊन कावळा डॅनीच्या ड्रॅगनस्टोन बेटावर, तिथून डॅनी ड्रॅगन घेऊन थेट हजर. दिग्दर्शक ॲलन टेलर यांनी नंतर मान्य केलं की वेळेचा हिशोब जरा धूसर होता. तेव्हा लोकांनी मीम केले, हसले, सोडून दिलं. शेवट चांगला झाला असता तर हे सगळं पोटात घातलंच गेलं असतं.

ते सहा आठवडे

पहिले दोन एपिसोड कोणालाच फारसे खटकले नाहीत. दुसरा तर आजही शिव्या घालणारे लोकसुद्धा मनापासून बघतात, शेकोटीभोवती बसलेली माणसं, उद्या मरणार हे माहीत असलेली, आणि सर्सीचा भाऊ जेमी ब्रिएन या लढवय्या बाईला नाईट करतो तो सीन. काही घडत नाही, नुसती माणसं बोलतात. सिरीजची खरी ताकद तीच होती.

तिसरा, 'द लाँग नाईट', ८२ मिनिटांचा, बाहेरच्या लढाईचं शूटिंग ५५ रात्री चाललेलं. इथे दोन वेगळ्या तक्रारी आल्या आणि त्या एकमेकांत मिसळून गेल्या. एक म्हणजे काही दिसतच नाही, लोकांनी टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला, खोलीतले दिवे घालवले, तरी काळोख तो काळोखच. सिनेमॅटोग्राफर फाबियान वॅग्नर म्हणाले की अंधार जास्त नव्हता, मीच शूट केलंय, मला माहितीये, आणि दोष लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगवर गेला. हे ऐकून कोणाचाही राग कमी होत नसतो. दुसरी तक्रार खोल होती. पहिल्या सीझनच्या पहिल्या सीनपासून ज्या व्हाईट वॉकर्सची, उत्तरेकडून मेलेल्यांची फौज घेऊन येणाऱ्यांची, भीती घातली, ज्यांच्यापुढे सिंहासनाचं भांडण म्हणजे पोरखेळ आहे असं जॉन घसा फोडून सांगत होता, ते संकट एका रात्रीत, एका खंजिरात खलास. त्यांच्या राजाला, नाईट किंगला, नेडची मुलगी आर्यानं मारलं याचं मला काही वाटत नाही, तो हात बदलून खंजीर पकडायचा डाव तिनं आदल्या सीझनमध्ये ब्रिएनशी खेळताना दाखवला होता, ती पेरणी चोख होती. अडचण अशी की नाईट किंगला काय पाहिजे होतं ते धड कळलंच नाही, आणि जॉनच्या जन्माच्या गुपिताचा या लढाईशी काडीचा संबंध उरला नाही.

चौथ्या एपिसोडमध्ये टेबलावर कॉफीचा कप राहिला. जगभर बातम्या झाल्या, एचबीओनं चुकून राहिला म्हणत थट्टेवारी नेलं, नंतर कप पुसूनही टाकला. खरं सांगायचं तर कप ही फालतू गोष्ट आहे, पण ती वेळ वाईट होती. लोकांना आधीच वाटायला लागलं होतं की हे लोक पाट्या टाकतायत, आणि त्यांच्या हातात पुरावाच दिल्यासारखं झालं.

कपापेक्षा त्याच एपिसोडमधला सर्सीच्या बाजूच्या युरॉनचा हल्ला जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो जरा जवळून बघण्यासारखा आहे. डॅनी दोन ड्रॅगन घेऊन उघड्या समुद्रावर उडतेय, स्वच्छ ऊन, आणि खडकामागून युरॉनचं आख्खं आरमार निघतं. लागोपाठ तीन भाले रेगल या ड्रॅगनला लागतात, तो पडतो, जहाजं फुटतात, डॅनीची मैत्रीण मिसांडे पकडली जाते. आकाशात उडणाऱ्या बाईला खाली उभं असलेलं आरमार दिसत नाही. बरं, नाही दिसलं. पण एपिसोडनंतरच्या व्हिडिओत बेनिऑफ म्हणाले की डॅनी आयर्न फ्लीटबद्दल, म्हणजे या आरमाराबद्दल, जरा विसरूनच गेली होती. विसरली! शत्रूचं आरमार कुठे आहे याच्यावर त्याच एपिसोडमध्ये बैठक झालेली असताना. हे वाक्य त्या सीझनचं सगळ्यात गाजलेलं वाक्य ठरलं, आजही कोणतंही कॅरेक्टर कोणत्याही सिरीजमध्ये मूर्खपणा करतं तेव्हा लोक तेच चिकटवतात. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच आरमाराचा, तेच भाले, एकही नेम लागत नाही, तिचा उरलेला एकटा ड्रॅगन ड्रोगॉन सगळं जाळून टाकतो. एका आठवड्यात नेम लागतात कारण रेगलला मारायचंय, दुसऱ्या आठवड्यात चुकतात कारण शहर जाळायचंय. प्रेक्षकाला पडद्यामागचा हात दिसला की संपलं.

घंटा

आता पाचवा एपिसोड, 'द बेल्स'. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे म्हणून इथे जरा थांबू.

राजधानी किंग्ज लँडिंग पडलंय, सर्सीच्या सैनिकांनी तलवारी टाकल्यात, शरणागतीच्या घंटा वाजतायत. डॅनी तटावर ड्रोगॉनच्या पाठीवर बसलीये. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो आणि बराच वेळ तिथेच राहतो. ती लांबवर रेड कीप या राजवाड्याकडे बघतेय, श्वास जोरात, ओठ थरथरतायत, एक शब्द नाही. डॅनी केलेल्या एमिलिया क्लार्कनं त्या काही सेकंदांत जे केलंय त्याला तोड नाही, पण लेखकांनी दिलेलं तेवढंच आहे, एक चेहरा. मग ड्रॅगन उडतो आणि गल्लीबोळातल्या बायापोरांना जाळत सुटतो. सर्सी समोरच्या किल्ल्यात उभी आहे, हिला जायचं तर तिकडे जायला पाहिजे, ही रस्ते जाळतेय. आणि इथून पुढे त्या एपिसोडमध्ये तिचा चेहरा परत नीट दिसतच नाही, खाली आर्या धुळीत धडपडतेय ते दिसतं, वरून आग येताना दिसते. ज्या बाईबरोबर आपण आठ सीझन चाललो, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात भयंकर अर्ध्या तासात ती स्वतःच गायब.

कारण मग कुठे मिळतं? दोन ठिकाणी. एक, एपिसोडनंतरच्या व्हिडिओत लेखक सांगतात की तिनं हे आधी ठरवलं नव्हतं, रेड कीप बघितला, आपल्या घराण्यानं बांधलेलं घर आपल्याकडून हिसकावलेलं, आणि त्या क्षणी तिनं ते वैयक्तिक करून टाकलं. दोन, शेवटच्या एपिसोडमध्ये कोठडीत बसलेला टिरियन, सर्सीचा भाऊ आणि डॅनीचा सल्लागार, जॉनला समजावतो की तिनं गुलामांचे मालक मारले तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, ती जाईल तिथे दुष्ट माणसं मरत होती आणि आपण टाळ्या वाजवत होतो, त्यातून तिची स्वतःबद्दल खात्री वाढत गेली. भाषण उत्तम आहे. मी तर म्हणेन की आख्ख्या सीझनमधलं सगळ्यात हुशार लिखाण तेच आहे, कारण त्यात प्रेक्षकालाही बरोबर पकडलंय, आपणही टाळ्या वाजवल्याच होत्या ना. पण हे भाषण शहर जळल्यानंतर येतं आणि दुसऱ्याच्या तोंडून येतं. आधी कळस मग पाया म्हणतात ते हे. हाच विचार डॅनीच्या स्वतःच्या तोंडी, घंटा वाजायच्या तीन-चार एपिसोड आधीपासून थोडा थोडा आला असता तर तोच शेवट लोकांनी मान खाली घालून मान्य केला असता असं मला वाटतं.

बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं

शेवटाची बाजू घेणारे लोक कमी नव्हते आणि त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं अजिबात नाही. ते म्हणतात की पेरणी पहिल्या सीझनपासून होती. सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात तेव्हा ही थंडपणे बघत उभी असते. मिरीन या गुलामांच्या शहरात १६३ सरदारांना खांबांवर ठोकते, त्यातला कोण दोषी कोण निर्दोष हे न बघता. सातव्या सीझनमध्ये टार्ली बापलेकाला गुडघे टेकत नाहीत म्हणून जाळते. दुसऱ्या सीझनमध्ये तिला जो भास होतो त्यात सिंहासनाच्या दालनाचं छप्पर उडालेलं असतं आणि वरून पांढरं काहीतरी पडत असतं, सगळ्यांना वाटलं बर्फ, सातएक वर्षांनी कळलं की राख असावी. हे बघितल्यावर मान्य करावंच लागतं की डॅनीचा हा शेवट आभाळातून पडलेला नाही.

पण पेरलं म्हणजे उगवलं असं होत नाही. जाळलेले बहुतेक लोक तोवर सत्तेतले होते, तलवार हातात असलेले होते. निर्दोष पोरांचं म्हणाल तर चौथ्या सीझनमध्ये ड्रोगॉननं एक लहान मुलगी मारली म्हणून याच बाईनं रडत रडत बाकीच्या दोन ड्रॅगनना साखळ्या घातल्या होत्या. क्रूर आणि नि:शस्त्र लोकांना जाळणारी, यांच्यामध्ये एक मोठा रस्ता आहे आणि तो रस्ता चालायला वेळ दिला नाही. मिसांडे मेली, रेगल मेला, जॉन दुरावला, सल्लागार वॅरिस फुटला, हे सगळं दोन एपिसोडमध्ये तिच्या अंगावर टाकलं, आणि म्हणे आता पेट. ज्यांनी हौसेनं पोरींची नावं डॅनीच्या पदवीवरून खलीसी ठेवली होती (अमेरिकेत एकट्या २०१८ मध्ये ५६० जणींची नोंद आहे) त्यांच्यावर लोक हसले, पण मला त्यांची बाजू कळते, सिरीजनं सात सीझन तिला साखळ्या तोडणारी म्हणूनच विकलं होतं. वॅरिस आणि टिरियन एका कोपऱ्यात उभं राहून जॉन पुरुष आहे म्हणून सरदारांना जास्त चालेल अशी चर्चा करतात, त्यानंतर लगेच बाई वेडी होते, यावरही बऱ्याच जणी भडकल्या आणि त्या भडकण्यात तथ्य होतं.

जेमीचं तर बोलूच नका. तिसऱ्या सीझनमध्ये आंघोळीच्या हौदात बसून तो ब्रिएनला सांगतो की वेड्या राजाला, डॅनीच्या बापाला, का मारलं, आख्खं शहर जळू नये म्हणून. त्या एका सीननं लोक त्याच्या बाजूचे झाले. आणि आठव्यात तोच म्हणतो की लोकांची मला कधी फारशी पर्वा नव्हतीच, निर्दोष असोत नसोत. सर्सीकडे परत जाणं मला पटतं, व्यसन असतं ते, पण हे वाक्य म्हणजे त्या हौदातल्या माणसालाच खोटं पाडणं झालं.

शेवटच्या एपिसोडवर मग सगळं एकदम निघालं, वड्याचं तेल वांग्यावर. जॉननं डॅनीला मारलं हे तिचा सेनापती ग्रे वर्मला कळलं कसं, आणि रस्त्यात कैद्यांचे गळे चिरणारा ग्रे वर्म जॉनला जिवंत का ठेवतो, याच्यावरून थेट काही आठवडे पुढे उडी. साखळदंडातला कैदी टिरियन भाषण करतो की चांगल्या गोष्टीपेक्षा ताकदवान काही नाही आणि आर्याच्या भावापेक्षा, ब्रॅनपेक्षा, चांगली गोष्ट कोणाकडे आहे, म्हणून राजा तोच? आख्खा पाचवा सीझन जो पडद्यावर आलाच नाही, तो ब्रॅन. आणि तो म्हणतो, मग इतक्या लांब मी आलो कशाला. त्याची बहीण सान्सा उत्तरेचं राज्य वेगळं मागते, मिळतं, आणि शेजारी बसलेली यारा, जिला डॅनीनं बेटांच्या स्वातंत्र्याचा शब्द दिला होता, ती गप्प. ही बारीक भांडणं नाहीत. पूर्वी याच सिरीजमध्ये असा एक शब्द मोडला म्हणून आख्खं लग्न कापलं गेलं होतं.

घाई कोणी केली

पहिले सहा सीझन दहा-दहा एपिसोडचे, सातवा सातचा, आठवा सहाचा, एकूण ७३. एचबीओला घाई नव्हती, त्यांना अजून एपिसोड दिले असते तर आनंदच होता, हे बेनिऑफ-वाईस यांनी स्वतःच सांगितलंय. आम्हाला पहिल्यापासून साधारण सत्तर-पंच्याहत्तर तासांची गोष्ट दिसत होती, असं त्यांचं म्हणणं. प्रामाणिक असेलही. पण फेब्रुवारी २०१८ मध्येच जाहीर झालं होतं की ते स्टार वॉर्सचे सिनेमे करणार, त्यामुळे लोकांनी सरळ हिशोब लावला: पुढचं काम मिळालं, इथलं उरकून टाकलं. हा हिशोब खरा की खोटा ते कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि सातव्या-आठव्याची लांबी त्या घोषणेच्या आधीच ठरलेली होती हेही चिडलेले लोक विसरतात.

मला मोठं कारण वाटतं ते पुस्तकांचं. मालिकेतलं पाचवं पुस्तक जुलै २०११ मध्ये आलं, म्हणजे सिरीज सुरू झाली त्याच वर्षी, आणि सहावं अजून आलेलं नाही. पाचव्या सीझनच्या शेवटी जॉनला भोसकलं तिथे सिरीज पुस्तकांच्या टोकाला आली. मार्टिननी २०१३ मध्ये दोघांना बसवून शेवटाकडची मोठी वळणं सांगितली होती. म्हणजे मुक्कामाची नावं यांच्याकडे होती, मधला रस्ता नव्हता. पहिल्या चार सीझनमध्ये पुस्तकातून कापाकापी करायची होती आणि त्यात हे दोघे खरंच उस्ताद होते, पुढे स्वतः विणायची वेळ आली तेव्हा ते विणकाम वेगळं दिसायला लागलं. त्याचा दोष थोडा मार्टिनकडेही जातो, आणि फॅन लोक त्यांना त्या मानानं बरंच सोडून देतात.

पिटिशनचं काय

पिटिशनची भरपूर टर उडवली गेली, हे लोक स्वतःला कोण समजतात वगैरे. सान्साचं काम करणारी सोफी टर्नर म्हणाली की हा शेकडो लोकांच्या मेहनतीचा अपमान आहे, आणि तिच्या जागी तिचं बरोबरच आहे. एचबीओच्या केसी ब्लॉईस यांनी नंतर सांगितलं की परत बनवायचा विचार कधी गंभीरपणे झालाच नाही. पण ज्यानं पिटिशन टाकली त्यानंच नंतर लिहिलं होतं की हे परत बनणार नाही हे सह्या करणाऱ्या बहुतेकांना कळतं, एकेका एपिसोडला केवढा खर्च येतो. निराशा नोंदवायची होती, ती नोंदवली. आता 'लायक लेखक' हे शब्द बोचरे होते यात वाद नाही, आणि रागाच्या नावाखाली लेखकांवर घाणेरडं बोलणारे होते तेही खरंच. दुसरीकडे त्याच चिडलेल्या गर्दीतल्या काहींनी एमिलिया क्लार्कच्या सेमयू या मेंदूच्या दुखापतींसाठी काम करणाऱ्या संस्थेला वर्गणी गोळा केली, आणि तिनं व्हिडिओतून आभार मानले. शेवट आवडला नाही, तुझं काम आवडलं, हे लोकांना नीट वेगळं करता येत होतं. सेटवरच्या लोकांनाही धक्का बसलाच होता, शेवटच्या स्क्रिप्टच्या सामूहिक वाचनाला जॉन केलेला किट हॅरिंग्टन न वाचता आला होता आणि डॅनीचं मरण ऐकून त्याला रडू आलं, ते डॉक्युमेंटरीत आहे.

पुढे काय झालं

२०१९ च्याच जुलैमध्ये कॉमिक-कॉन या फॅन लोकांच्या मेळाव्याला बेनिऑफ-वाईस येणार होते, आले नाहीत. सप्टेंबरमध्ये एमी हे टीव्हीचे पुरस्कार झाले, या सीझनला ३२ नॉमिनेशन, १२ पुरस्कार, सर्वोत्तम ड्रामा सिरीज पण हीच, टिरियन केलेल्या पीटर डिंकलेजला चौथा एमी, लेखनाचा मात्र मिळाला नाही. ऑक्टोबरमध्ये दोघे स्टार वॉर्समधून बाहेर पडले, नेटफ्लिक्सशी त्यांचा करार आधीच झाला होता.

लोक असंही म्हणायला लागले की शेवटानं सिरीजच पुसली गेली, कोणी परत बघत नाही, कोणी बोलत नाही. हे अर्धंच खरं निघालं. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' ही त्याच जगातली, आधीच्या काळातली सिरीज आली आणि पहिल्या रात्री अमेरिकेत एक कोटीच्या आसपास लोक परत हजर. शिव्या घालणारेच जास्त असतील त्यात, मला खात्री आहे. आणि गंमत म्हणजे या नव्या सिरीजच्या सुरुवातीला काळ सांगायला जी पाटी येते ती डॅनीच्या जन्माच्या १७२ वर्षं आधी अशी आहे, बाकीची अक्षरं विरून जातात आणि तिचं नाव तेवढं राहतं. बाकी कोणाचंही नाव चाललं असतं, तिचंच घेतलं.

त्याच सिरीजनं मग एक नवी पाचर मारली. टार्गेरियनांचा पहिला राजा एगॉन, त्याला स्वप्न पडलं होतं की उत्तरेकडून महाभयंकर अंधार येणार आणि त्याला तोंड द्यायला सिंहासनावर टार्गेरियन असायलाच पाहिजे, आणि हे गुपित राजाकडून वारसाकडे तोंडी जात आलंय. बघायला छान, अंगावर काटा येतो. पण ज्यांनी आठवा सीझन बघितलाय ते लगेच हिशोब करतात, तो अंधार आला तेव्हा सिंहासनावर सर्सी होती, तिनं सैन्यसुद्धा पाठवलं नाही, नाईट किंगला मारलं ते एका स्टार्क पोरीनं, आणि टार्गेरियन रक्ताचा जॉन तेव्हा मेलेल्या ड्रॅगनसमोर उभा राहून त्याच्यावर ओरडत होता. मग पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या गुपिताचा उपयोग काय झाला हा प्रश्न आता नव्या सिरीजच्या प्रत्येक सीझनला नव्यानं निघतो, आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी ज्यांनी शेवट लिहिला त्यांच्यावर नाहीच, ती येऊन पडलीये भलत्याच लेखकांच्या गळ्यात.